जम्बो विमानाचे पोट आणि पुण्याचा गुलाब

वाघोलीतील आमच्या गच्चीवरून लोहगावच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने दिसतात. त्यांत किती माणसे असतील याचा अंदाज शेजारची मुले बांधतात. त्या माणसांच्या पायाखालच्या कोठारात काय असेल, हे मात्र कोणी विचारीत नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी याच धावपट्टीवरून कोविशील्ड लशीचा पहिला साठा दिल्लीस रवाना झाला. चौतीस खोकी, वजन १,०८८ किलो. तो नेला एका प्रवासी विमान कंपनीने.

प्रवासी विमान निराळे आणि मालवाहू विमान निराळे, ही आपली समजूत मोडून काढणारे यंत्र म्हणजे बोइंग ७४७, म्हणजेच जम्बो जेट. एप्रिल १९६६ मध्ये पॅन ॲम कंपनीने अशा पंचवीस विमानांची मागणी नोंदविली, तेव्हा खुद्द निर्मात्यांनाच त्याच्या भवितव्याची खात्री नव्हती. प्रवासी लवकरच ध्वनीहून वेगवान विमानांकडे वळतील आणि जम्बोच्या वाट्यास केवळ माल येईल, असा त्यांचा कयास होता. म्हणून आठ फूट रुंदीच्या दोन पेट्या शेजारी शेजारी मावतील इतका त्याचा देह रुंद केला. नाक उघडून माल आत ढकलता यावा म्हणून वैमानिकाची खोली वरच्या मजल्यावर नेली. त्याचे ते सुप्रसिद्ध कुबड असे जन्मास आले. कयास साफ चुकला. ध्वनीहून वेगवान कॉन्कॉर्ड २००३ साली निवृत्त झाले आणि जम्बो अर्धशतक माणसे वाहत राहिले. तरीही जानेवारी २०२३ मध्ये सुपूर्द झालेले त्या जातीचे शेवटचे, १,५७४ वे विमान मालवाहूच होते! चुकलेल्या भाकितातून इतकी टिकाऊ वस्तू निर्माण झाल्याचे उदाहरण नियोजनाच्या इतिहासात विरळाच.

आपल्याकडे 'एम्परर अशोक' हे पहिले जम्बो एप्रिल १९७१ मध्ये मुंबईस उतरले. पुढे १९८८ साली एअर इंडियाने जी दोन जम्बो घेतली, त्यांपैकी एकाचे नाव 'शिवाजी' होते. त्यांत पुढे प्रवासी बसत आणि मागे, त्याच मजल्यावर, माल रचला जाई. अर्थशास्त्राच्या वर्गात संयुक्त पुरवठा शिकविताना आम्ही कापसाचे उदाहरण देतो. रुई हवी तर सरकीही पदरी पडतेच. विमानाचेही तसेच. प्रवाशांसाठी उड्डाण व्हायचेच असेल, तर पोटातील मालावर होणारा वाढीव खर्च थोडाच असतो. नाशवंत मालाला हा हिशेब फार मानवतो.

हा लाभ पुण्याच्या पदरी पडत नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, लांबी सुमारे अडीच किलोमीटर. पूर्ण भार घेऊन युरोप गाठणाऱ्या रुंद विमानास ती अपुरी. २००८ साली पुणे-फ्रँकफुर्ट सेवा सुरू झाली, ती छोट्या विमानाची. त्यात फुलांच्या खोक्यांना जागा ती किती असणार? तळेगावच्या हरितगृहांतील गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो, तो घाट उतरून मुंबईमार्गे. घाटात वाहतूक तुंबली की फुलांचे आयुष्य तेथेच सरू लागते.

म्हणून मोठा विमानतळ हवा, असे म्हणणे सोपे आहे. मीही ते म्हणतो. परंतु त्यासाठी सुचविलेल्या पुरंदर तालुक्यातील सात गावांत पारगाव आहे, वनपुरी आहे, महात्मा फुले यांच्या घराण्याशी नाते सांगणारी खानवडी आहे. तेथील शेतकऱ्यांचा विरोध अडाणीपणाचा आहे, असे शहरात बोलले जाते. मला तसे वाटत नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती बाग उभी राहण्यास वर्षे लागतात. भूसंपादनाच्या कायद्यात मात्र जमिनीचा बाजारभाव आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून काढण्याची रीत आहे, आणि खरेदीखतावर लिहिलेली रक्कम म्हणजे प्रत्यक्ष दिलेली किंमत नव्हे, हे आपल्यापैकी ज्याने ज्याने सदनिका घेतली त्याला ठाऊक आहे. गुणक लावून, दिलासा रक्कम वाढवूनही मूळ आकडा खोटाच राहतो. तळेगावच्या गुलाबाचा नफा जमेस धरणाऱ्या प्रकल्प अहवालात हा फरक खर्चाच्या रकान्यात कोठे दाखविला आहे, हे त्या सात गावांना आधी कळले पाहिजे, आणि तेही मराठीत.