ओळख न दाखविणारी माणसे

परिचित मनुष्य समोरून येतो आणि ओळख न दाखविता निघून जातो, तेव्हा त्याचा आपल्या समाजात एकच अर्थ लावला जातो: गृहस्थ शिष्ट आहे. निवृत्त शिक्षक किंवा वयस्क शेजारी असला, तर हा निवाडा अधिकच चटकन दिला जातो. कारण तोच मनुष्य कोणाचाही हात न धरता जिना उतरताना, पायाशी आलेले मांजर चुकविताना लोकांनी पाहिलेला असतो. ज्याला मांजर दिसते त्याला माणसाचा चेहरा दिसू नये, हे कोणाच्या पचनी पडत नाही. परंतु ते खरे असू शकते.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही बारीक कामे एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. वाट, हालचाल आणि अडथळे यांचे भान भोवतालचे पटल देते. पीतबिंदूचा ऱ्हास झाला की नजर जेथे रोखावी नेमके तेथेच धूसर डाग येतो आणि कडेचे मात्र दिसत राहते. हा विकार बहुधा पन्नाशीनंतर जडतो. परंतु जर्मन नेत्रवैद्य कार्ल स्टारगार्ट यांनी १९०९ साली वर्णिलेला त्याचा आनुवंशिक भाऊबंद शाळकरी वयातच गाठतो. चष्म्याचा नंबर बदलून येथे भागत नाही. दोष भिंगाचा नसून पडद्याचा असतो.

असा विद्यार्थी मान तिरपी करून फळ्याकडे पाहतो. निकोप उरलेल्या कडेने अक्षर टिपण्याची ती धडपड असते. वर्गात मात्र तिला चाळा समजून "सरळ बघ" असे दरडावले जाते. सरळ पाहिले की अक्षर नाहीसे होते, हे त्या मुलाने कोणत्या शब्दांत सांगावे? पेन्शन घेण्यासाठी आलेल्या वृद्धाची सही जुळत नाही, रकाना चुकतो, आणि खिडकीपलीकडून प्रश्न येतो, "इथवर एकटे आलात ना?" आंधळा म्हणावा तर चालतो, डोळस म्हणावा तर वाचत नाही. अशा माणसावर ढोंगाचा आरोप करणे सोपे जाते.

कायद्याने या मधल्या अवस्थेला नाव दिले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पासून ३/६० पर्यंत उतरली, तर ती अल्पदृष्टी होय. ३/६० म्हणजे निकोप डोळा साठ मीटरवरून वाचतो ते अक्षर वाचण्यास तीन मीटरवर यावे लागणे. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक व जादा वेळ देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ती सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे.

विकार लवकर ध्यानात येणे महत्त्वाचे असते. एक डोळा बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून एकेक डोळा झाकून खिडकीचे गज किंवा वहीच्या रेघा पाहाव्यात. सरळ रेघ वाकडी भासली तर नेत्रतज्ज्ञ गाठावा. दृष्टिपटलाखाली नव्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, त्या प्रकारात डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी २००६ पासून बरीच दृष्टी राखता येऊ लागली आहे. विलंबाने गेलेली दृष्टी मात्र सहसा परतत नाही. कोरड्या प्रकारावर इतका परिणामकारक उपाय अद्याप नाही. धूम्रपानाने धोका वाढतो, हे निश्चित.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी जाणावी. दृष्टी उणावलेल्या काही वृद्धांना नसलेली माणसे, नक्षी, फुले दिसतात. शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांचा असा अनुभव नोंदविला. हे वेड नव्हे. पण वेडा ठरण्याच्या भयाने अनेक वृद्ध त्याविषयी मौन पाळतात.

या माणसांचे समाजाकडे मागणे फार मोठे नाही. ठळक अक्षरे, पुरेसा उजेड, खिडकीवर दोन मिनिटांचा धीर एवढ्याने त्यांचे बरेचसे अडलेले काम होते. आणि एक जुनी सवय सोडावी लागेल. वडीलधाऱ्यांपुढे उभे राहून "ओळखलंत का?" असे हसत विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते. ज्याच्या नजरेसमोर त्या क्षणी चेहऱ्याच्या जागी नुसता डाग असतो, त्याची मात्र ती परीक्षा ठरते. त्याऐवजी जवळ जाऊन आधी आपले नाव सांगावे. मग ओळख न दाखविणारी ही माणसे किती आपुलकीने बोलतात, ते कळून येईल.