कचरा नव्हे, मिसळलेला माल

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला एक धडा कोणी मुद्दाम शिकवत नाही. दुकानात उठता-बसता तो आपोआप अंगी मुरतो. मिसळलेल्या मालाला भाव नसतो. गव्हात खडे निघाले की पोते परत येते, तांदळात कणी जास्त झाली की दर उतरतो, चांगल्या सुपारीत चार किडक्या सापडल्या की गिऱ्हाईक साऱ्या मालाकडेच संशयाने पाहू लागते. म्हणूनच निवडणे, चाळणे आणि प्रतवारी लावणे या कामांना आपल्या पेढ्यांवर पूर्वापार मान आहे. मात्र हाच चोखंदळ गृहस्थ रात्री घरी परतला की दुधाची पिशवी, वर्तमानपत्र, भाजीची देठे आणि चहाचा चोथा एकाच डब्यात पडताना निमूटपणे पाहतो. डब्यात पडेपर्यंत ज्या वस्तूंना बाजारात भाव होता, त्यांची रात्रीतून घाण होते.

आमच्या घरीही अनेक वर्षे हेच चालत असे. ते थांबले एका काचेच्या बरणीमुळे.

पाहुण्यांची गडबड होती. लोणच्याची बरणी हातातून सुटली आणि फुटली. तुकडे केरसुणीने गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत टाकले. वर भाजीची साले पडली आणि पिशवीला गाठ मारली. सकाळी नेहमीच्या मावशी ती घेऊन गेल्या. पुढचे दोन दिवस त्यांच्याऐवजी त्यांची सून आली. तिसऱ्या दिवशी मावशी स्वतः आल्या, तेव्हा उजव्या तळहाताला फडके बांधलेले होते. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “वहिनी, परवा घरात काच फुटली होती का?” मी ‘हो’ म्हणाले. “पुढच्या खेपेला कागदात गुंडाळून वेगळी द्या. वरून कळत नाही.” आणि डबा रिकामा करून त्या पुढच्या दारी गेल्या.

आम्ही पाणी गाळून पिणारी माणसे. धान्य निवडताना त्यातला जीव अलगद बाजूला ठेवणारी. त्या दिवशी प्रथम जाणवले, की उंबरठ्याच्या आत आपण जितके जपतो, तितके उंबरठ्याबाहेर जाणाऱ्या पिशवीबाबत जपत नाही.

पिशवी जाते कोठे?

आम्ही पुण्यात राहतो, म्हणून पुण्याचेच सांगते. १९९३ मध्ये या शहरातील कचरावेचकांनी आपली संघटना उभारली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. हे नाव नीट वाचले तर त्यातच वर्गीकरणाचा पाठ आहे. ज्याला आपण एका शब्दात ‘कचरा’ म्हणतो, त्यात या बायांना कागद वेगळा दिसतो, काच वेगळी दिसते, पत्रा वेगळा दिसतो. याच संघटनेतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून पुणे महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागले.

या व्यवस्थेतला हिशेब व्यापाऱ्याला चटकन समजेल असा आहे. सभासदाला घराघरातून दरमहा शुल्क मिळते आणि गोळा झालेल्या सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही मिळतात. कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा निवडून भंगाराच्या दुकानी जातो. तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कारखान्यात. पाण्याच्या बाटलीपासून पॉलिएस्टरचा धागा निघतो, जुन्या पुठ्ठ्यापासून नवा पुठ्ठा होतो, काच वितळून पुन्हा काच होते. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा वापरला, तर खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

या साखळीची पहिली कडी आपला ओटा आहे. वर्तमानपत्रावर आमटी सांडली की ते रद्दी राहत नाही. पुठ्ठ्याला तेल लागले की कागदाच्या गिरणीत त्याचा लगदा बिघडतो. म्हणजे मावशींच्या दिवसाच्या कमाईतला एक भाग त्यांच्या कष्टांवर ठरतच नाही. तो आदल्या रात्री आपल्या स्वयंपाकघरात ठरतो. आपल्या हलगर्जीपणाने दुसऱ्याचा माल बिघडला, तर पेढीवर आपण भरपाई देतो. येथे भरपाई मागणारेच कोणी नसते.

जे निवडले जात नाही, ते गावाबाहेर जाते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले आणि ग्रामस्थांना कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडवाव्या लागल्या. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर शहरावर पसरला होता. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. तोच ओला कचरा वेगळा राहिला, तर त्याचे खत होते किंवा त्यातून जळणाचा वायू मिळतो. आग आणि खत यांच्यातील अंतर एका जादा डब्याएवढे आहे.

निवडायचे कसे?

८ एप्रिल २०१६ रोजी निघालेल्या केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन भाग सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. आमच्या घरात आम्ही चौथाही भाग केला आहे. त्याची रीत अशी.

ओल्या कचऱ्यात भाजीची देठे, फळांची साले, चहाचा चोथा, उरलेले अन्न आणि देवघरातील निर्माल्य. हा डबा प्लास्टिकच्या पिशवीविना ठेवावा. तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा पुरतो. पिशवीत बांधलेला ओला कचरा कोणाला तरी हाताने सोडवावा लागतो, हे विसरू नये.

सुक्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू आणि अखंड काच. नियम एकच: कोरडे आणि रिकामे. दुधाची पिशवी, तेलाचा डबा, सॉसची बाटली भांडी विसळलेल्या पाण्यातून एकदा काढावी. त्यासाठी नळ सोडण्याची गरज नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, चीर देऊन तो पिशवीलाच राहू द्यावा. तेवढा तुकडा सुटा झाला की कोणाच्याच हाती लागत नाही. खोकी उलगडून सपाट करावीत. फळांच्या रसाच्या खोक्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे थर असतात; ते धुऊन, चपटे करून वेगळे ठेवावे. वेफर्स आणि फरसाणाची चकचकीत पाकिटेही अशीच थरांची असतात आणि भंगारवाला सहसा ती घेत नाही. ती सुक्यातच द्यावीत, पण विकत आणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

घातक कचऱ्यात जुन्या बॅटऱ्या, पाऱ्याचे दिवे आणि नळ्या, रंगांचे व कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधे, सुया. यासाठी एक झाकणाचा डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि महापालिकेच्या संकलनाच्या वेळी वेगळा द्यावा.

चौथा भाग लंगोट व सॅनिटरी पॅड यांचा. ते जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल शाईचा ठळक ठिपका काढावा. या खुणेचा पुण्यात ‘स्वच्छ’ने प्रचार केला. ठिपका दिसला की पुडके उघडून पाहावे लागत नाही. फुटलेल्या काचेसाठीही आम्ही असेच करतो: जाड कागदात गुंडाळायची, दोऱ्याने बांधायची, वर ‘काच’ असे मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि पिशवीत न टाकता हातात द्यायची.

दुकानाची गोष्ट

आपल्या घरांचा कचरा घरापुरता नसतो. त्याला दुकानाची जोड असते. पुठ्ठ्याची खोकी, प्लास्टिकच्या पट्ट्या, थर्माकोल, गोणपाट यांचा ढीग रोज संध्याकाळी पडतो. तो चहाचे कप आणि झाडलोटीची धूळ यांच्यासह फुटपाथवर लोटण्यापेक्षा गडी-माणसांना प्रत्येक प्रकारची जागा ठरवून द्यावी. पावसाळ्यात पुठ्ठा छताखाली ठेवावा. भिजला की त्याचा भावही जातो आणि जोरही.

दिवाळीत जुन्या वह्या निघतात. त्यांचे पुठ्ठे व कापडी बांधणी वेगळी, आतला कागद वेगळा करावा. पांढरा कागद, वर्तमानपत्र आणि पुठ्ठा यांचे दर निरनिराळे असतात. यंत्रातून उष्णतेने छापून निघणारी गुळगुळीत पावती मात्र रद्दीत घालू नये, कारण तिच्यावर रसायनाचा लेप असतो. लग्नपत्रिकांवर हल्ली प्लास्टिकचा मुलामा आणि सोनेरी वर्ख चढतो. अशी देखणी पत्रिका रद्दीतही जात नाही. घरात कार्य ठरले की पत्रिका निवडताना एवढे ध्यानात घ्यावे. खर्चही वाचेल.

ठेवतानाही पाहावे

साधूंच्या पाच समितींत शेवटची उत्सर्ग समिती आहे. टाकायचे ते कोठेही टाकायचे नाही. जागा नीट पाहून, तेथे जीव नाही याची खात्री करून, कोणाला पीडा होणार नाही अशा रीतीने त्याग करायचा. ही मुनींची मर्यादा आहे, गृहस्थाला ती तशीच्या तशी पाळता येत नाही. पण तिच्यामागची दृष्टी आपल्या ओट्यापर्यंत येऊ शकते. घेताना आपण पाहून घेतो. टाकतानाही पाहून टाकावे, एवढेच ती सांगते. आपण टाकलेली वस्तू आपल्या दृष्टीने संपते. ती ज्या हातात पडते, त्या हातासाठी तिची तेथे सुरुवात होते.

आमच्या घरी हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले. सासूबाई प्रथम म्हणाल्या, “कचऱ्याचेही कौतुक कशाला?” आता सुक्याच्या डब्यात कोणी केळीचे साल टाकले, तर पहिला आवाज त्यांचाच येतो. नातवंडांना दुधाची पिशवी धुऊन दोरीवर अडकवण्याचे काम मिळाले आहे आणि त्यावरून त्यांची भांडणेही होतात.

मावशींच्या तळहातावर अजून एक पांढरी रेघ आहे. त्यांना त्याचे काही वाटत नाही. अशा रेघा त्यांच्या हातांवर पुष्कळ आहेत. त्यांतली ही एक आमच्या घरची आहे, हे मला ठाऊक आहे. वाचकहो, आज रात्री पिशवीला गाठ मारण्यापूर्वी क्षणभर थांबा. उद्या सकाळी ती ज्यांच्या हाती जाणार आहे, त्यांचा हात डोळ्यांसमोर आणा. मग कोणत्या डब्यात काय टाकायचे, हे फारसे सांगावे लागणार नाही.