बाळंतिणीचे दात

‘मुलागणिक एक दात’ अशी इंग्लंडात जुनी म्हण आहे. गर्भ आईच्या दातांतील चुना शोषून घेतो ही समजूत खरी नव्हे. पण म्हणीतले दुखणे मात्र खरे आहे. गरोदरपणी शरीरातील संप्रेरके वाढून हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते. ओकाऱ्यांतील आम्लाने दातांचे कवच झिजते.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा दंतोपचार सर्वांनाच मोफत होते. १९५१ साली कवळ्यांवर शुल्क बसवण्याचे ठरले, तेव्हा सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी उपचारांवरही शुल्क आले.

आज इंग्लंडात गरोदर स्त्रीला आणि प्रसूतीनंतर बारा महिन्यांपर्यंत मातेला हे शुल्क माफ आहे. मात्र दंतवैद्य आरोग्यसेवेतलाच हवा. खाजगी दवाखान्यात ही सवलत नाही. सुईण किंवा डॉक्टर यांच्यामार्फत प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यावाचून सवलत घेतल्यास दंड होऊ शकतो. मुदत संपण्यापूर्वी सुरू झालेला उपचार मात्र विनामूल्यच पुरा होतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. चोवीस आठवड्यांनंतर मूल मृत जन्मले, तरीही त्या मातेचा हा हक्क वर्षभर कायम राहतो. कारण ही सवलत बाळासाठी नव्हे, आईच्या शरीराने सोसलेल्या झिजेसाठी आहे. बाळाच्या धांदलीत आई स्वतःला विसरते आणि वर्ष सरून जाते. तिकडे नांदणाऱ्या आपल्या लेकीसुनांना पत्रातून एवढी आठवण अवश्य द्यावी.