मानेची शस्त्रक्रिया आणि अंगमेहनतीचे काम

मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया बहुतेक वेळा दोन कारणांपैकी एका कारणासाठी होते, आणि नंतरची सारी वाटचाल त्या कारणावर अवलंबून असते. पहिले कारण म्हणजे नस दबणे. दोन मणक्यांमधली गादी सरकते किंवा कडेचे हाड वाढते आणि हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाब येतो. मग खांद्यापासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, पकड ढिली पडते. अशा रुग्णांपैकी बहुसंख्य जण औषधे, विश्रांती आणि व्यायामाने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. ज्यांची कळ थांबत नाही किंवा हाताची ताकद घटत जाते, त्यांच्यावरच शस्त्रक्रियेची वेळ येते.

दुसरे कारण म्हणजे मज्जारज्जूच दबणे. यात दुखणे फारसे नसते, म्हणून ते उशिरा ओळखले जाते. शर्टाची बटणे लागेनाशी होतात, हातातली वस्तू निसटते, चालताना पाय जड वाटतात, तोल जातो. निरोगी माणूस दहा सेकंदांत साधारण वीस वेळा मूठ उघडून मिटू शकतो. मज्जारज्जू दबलेल्याला ते जमत नाही. नसेची शस्त्रक्रिया कळ थांबवण्यासाठी असते आणि ती बऱ्याचदा लगेच थांबते. मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचा पहिला हेतू मात्र पुढचे नुकसान रोखणे हा असतो. झालेले नुकसान कितपत भरून येईल हे पुढच्या सहा महिन्यांपासून वर्षभरात कळते. हा फरक रुग्णाला, घरच्यांना आणि मालकाला आधीच समजावून सांगितला नाही, तर शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनही ती फसली असा समज होतो.

भोपाळमध्ये या शस्त्रक्रियांसाठी साकेतनगरचे एम्स आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे हमीदिया रुग्णालय यांसारख्या सरकारी संस्था आहेत. खासगी रुग्णालयेही आहेत. रुग्ण शहरातले असतात तसे बैतूल, मुलताई, पांढुर्ण्याकडचेही असतात. नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावरच्या या मराठीभाषक पट्ट्यातले कोणी उपचारांसाठी नागपूर गाठतात, तर कोणी भोपाळ. गावात त्यांच्या डोक्यावर चाऱ्याचा भारा असतो, पाठीवर सोळा लिटरचा फवारणीचा पंप असतो, हंगामात संत्र्यांची खोकी असतात. भोपाळमध्ये करोंदच्या मंडीतले पल्लेदार पोती वाहतात, बांधकामावरच्या बाया घमेली वाहतात, स्थानकांवरचे हमाल प्रवाशांचे सामान डोक्यावर घेतात. पिपलानी आणि गोविंदपुऱ्याच्या परिसरात तर १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सपासून, म्हणजे आजच्या भेलपासून, फिटर, वेल्डर आणि यंत्रकामगारांच्या पिढ्या राहत आल्या आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

मान मुळात साडेचार-पाच किलोचे डोके तोलण्यासाठी घडलेली आहे. डोक्यावरच्या ओझ्याचा भार थेट मानेच्या गाद्यांवर येतो. ओझेवाल्यांच्या मानेचा हा प्रश्न १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतील, हमालांच्या संदर्भात मांडला गेला. आपल्याकडे डोक्यावरून ओझे वाहणारे इतके आहेत की त्यांच्या मानेचा विचार वेगळ्याने व्हायलाच हवा.

शस्त्रक्रिया मानेच्या पुढून किंवा मागून होते. पुढून करण्याची पद्धत १९५०च्या दशकात अमेरिकेत स्मिथ, रॉबिन्सन आणि क्लोवर्ड यांनी रुजवली. गळ्याच्या बाजूला छोटा छेद घेऊन, श्वासनलिका आणि अन्ननलिका बाजूला सारून, खराब गादी काढतात. रिकाम्या जागी हाडाचा तुकडा किंवा पिंजऱ्यासारखी छोटी चौकट बसवतात, अनेकदा धातूची पट्टी स्क्रूने जोडतात. पुढे ते दोन मणके एकमेकांत जुळून एक होतात. काही निवडक रुग्णांत जुळणी न करता कृत्रिम गादी बसवतात. अनेक पातळ्यांवर मज्जारज्जू दबला असेल तर मागून जाऊन मणक्याची कमान काढतात किंवा बिजागरीवर उघडल्यासारखी रुंद करतात. ही दुसरी रीत १९७०च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. मागच्या शस्त्रक्रियेत मानेचे मोठे स्नायू हाडापासून सोडवावे लागतात, त्यामुळे ती अधिक दुखते आणि स्नायू पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. आपली शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने, किती पातळ्यांवर आणि जुळणीसह झाली की जुळणीविना, हे रुग्णाने कागदावर लिहून घ्यावे. कामावर परतायचा निर्णय पुढे याच तीन गोष्टींवर ठरतो.

भोपाळमध्ये आणखी एक बाब तपासावी लागते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायुकांडातून वाचलेल्या अनेकांची फुप्फुसे कायमची दुबळी झाली. अशा रुग्णाच्या श्वासाची तपासणी भूल देण्यापूर्वी काळजीने होते. पुढे जड काम किती झेपेल, याचा हिशेब करतानाही मानेइतकाच दमाचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चालतात आणि काही दिवसांत घरी जातात. पुढून शस्त्रक्रिया झालेल्यांना गिळताना त्रास होतो, आवाज बसतो. काही दिवस ते काही आठवड्यांत हे बहुधा कमी होते. तोवर मऊ भात, खिचडी, दलिया असे अन्न लहान घासांनी खावे. मागून झालेल्यांच्या खांद्यांत आणि मानेत ओढ लागते. क्वचित काही दिवसांनी दंड वर उचलण्याची ताकद कमी होते. हे डॉक्टरांना लगेच दाखवावे लागते, पण बहुतेकांत ते महिन्यांमध्ये सुधारते.

काही लक्षणे मात्र सकाळपर्यंत थांबण्यासारखी नसतात. गळा झपाट्याने सुजणे आणि श्वास कोंडणे ही जिवावरची आणीबाणी आहे. आत रक्त साठल्याने ती बहुधा पहिल्याच दिवशी उद्भवते. हातापायांत नव्याने आलेला अशक्तपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी काहीही झाले तर रुग्णालय गाठावे.

मानेचा पट्टा सगळ्यांना लागत नाही. एकाच पातळीवर पट्टी-स्क्रूने जुळणी झालेल्यांना अनेक शल्यचिकित्सक पट्टा देतच नाहीत. कोणाला तो सहा आठवडे किंवा अधिक काळ वापरायला सांगतात. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लावला तर मानेचे स्नायू कमजोर होतात. पहिल्या सहा आठवड्यांत चालणे हाच मुख्य व्यायाम. बहुतेक डॉक्टर या काळात दोन ते चार किलोंच्या वर उचलू देत नाहीत. पाण्याची भरलेली बादलीसुद्धा त्यात बसत नाही. हात खांद्याच्या वर नेऊन करायची कामे, झटक्याने ओढणे-ढकलणे आणि मान झुकवून तासन्‌तास मोबाइल पाहणे टाळायला सांगतात. दुचाकी चालवण्याची घाई करू नये. पट्टा सुटलेला असावा, मान दोन्हीकडे वळत असावी, गुंगी आणणारी औषधे बंद झालेली असावीत आणि डॉक्टरांची परवानगी असावी. हेल्मेटचे वजन आणि खड्ड्यांचे धक्के दोन्ही मानेवरच येतात. मालिशवाल्याकडून किंवा केशकर्तनालयात मान कडकड मोडून घेणे मात्र शस्त्रक्रिया झालेल्याने कधीही करू नये.

आतले हाड जुळायला बाहेरच्या जखमेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. टाके दोन आठवड्यांत सुकतात; हाड जुळायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ जातो. तोवर स्क्रू आणि पट्टी भार पेलत असतात, पण हाड जुळलेच नाही तर धातू थकतो, स्क्रू सैल होतात. या जुळणीचा सर्वांत मोठा शत्रू तंबाखू आहे. निकोटिनमुळे हाडाला होणारा रक्तपुरवठा घटतो. बिडी, सिगारेट, गुटखा, खर्रा यांपैकी काहीच त्याला अपवाद नाही. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून आणि हाड जुळेपर्यंत तंबाखू सोडणे हा उपचाराचाच भाग आहे. मधुमेह ताब्यात ठेवणे आणि ताटात डाळ, दूध, अंडी यांसारखी प्रथिने असणे, यांचेही महत्त्व तितकेच. वेदनाशामक गोळ्या दुकानातून स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्यांतल्या काही हाड जुळण्यात आड येऊ शकतात.

नसा आणखी सावकाश सुधारतात. इजा झालेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणून कळ गेली तरी बोटांतला बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो. शस्त्रक्रिया फसल्याची ती खूण नव्हे. बधिर हाताने धारदार विळा, गरम तवा किंवा फिरते यंत्र हाताळताना मात्र नजर हातावर ठेवावी लागते.

कामावर परतण्याबद्दल सगळ्यांना लागू होईल अशी एक तारीख नाही. बैठे काम करणारे साधारण दोन ते सहा आठवड्यांत परततात, हलके हातकाम करणारे सहा ते बारा आठवड्यांत आणि जड काम करणारे तीन ते सहा महिन्यांत. अनेक पातळ्यांवर जुळणी झालेल्यांना किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. इथे एक चूक सर्रास होते. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले की रुग्णाला ‘फिट’चा कागद मिळतो आणि तो दुसऱ्याच दिवशी पोत्यांखाली उभा राहतो. हाड जुळले म्हणजे शरीर ओझ्यासाठी तयार झाले असे नाही. तीन-चार महिने घरी बसलेल्या माणसाचे खांदे, पाठ, मांड्या, सगळेच ढिले पडलेले असतात, आणि त्या स्नायूंनी पेलायचा भार मग मानेवर येतो.

म्हणून तयारी दोन टप्प्यांत करावी लागते. आधी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मानेचे आतले स्नायू बळकट करणे: मान न हलवता तळहातावर डोके हलके दाबणे, खांद्याची पाती मागे ओढून धरणे, दमासाठी रोजचे चालणे वाढवत नेणे. मग प्रत्यक्ष कामाचा सराव. मंडीतल्या माणसाने आधी पाच किलोची पिशवी कमरेइतक्या उंचीवरून उचलावी, वजन अंगाजवळ धरावे, पायांनी उठावे, धड न पिळता सगळे शरीर वळवावे. आठवड्याला थोडे-थोडे वजन वाढवावे. हातात कळ किंवा मुंग्या परत आल्या तर एक पायरी खाली यावे आणि डॉक्टरांना सांगावे. कामाची थकवणारी ओढ आणि नसेची कळ यांतला फरक रुग्णाला शिकवावा लागतो. नाहीतर कोणी प्रत्येक दुखण्याला घाबरून पडून राहतो, कोणी धोक्याची सूचना अंगावर काढतो.

डॉक्टरांनीही कामाचे नुसते नाव विचारून थांबू नये. ‘फिटर’ या एका शब्दात नुसता पाना फिरवणाराही येतो आणि यंत्राखाली आडवा होऊन मान ताठ वर धरणाराही. रंगारी आणि वीजतंत्री दिवसभर छताकडे पाहतात. वेल्डरच्या डोक्यावर मुखवट्याचे वजन असते, ड्रिल चालवणाऱ्याच्या मानेला सतत हादरे बसतात. कापणीला वाकलेली बाई कमरेतून वाकते, पण पुढचे पाहण्यासाठी मान मागे मोडते. या प्रत्येकाला वेगळी मुभा, वेगळी मनाई लागते. ती कागदावर स्पष्ट लिहिलेली हवी: किती किलो, किती उंचीपर्यंत, दिवसातून किती तास, आणि कधीपर्यंत. नुसते ‘हलके काम द्यावे’ असे लिहिल्याने मुकादमाला काहीच कळत नाही.

डोक्यावरून ओझे नेण्याबद्दल मात्र बहुतेक शल्यचिकित्सक ठाम असतात: जुळणी झालेल्या मानेवर ते पुन्हा घेऊ नये. खालच्या मानेतले दोन मणके जुळल्याने रोजच्या हालचालीत फारसा फरक पडत नाही, कारण डोके डावी-उजवीकडे वळवण्याचे जवळपास निम्मे काम सर्वांत वरच्या दोन मणक्यांत होते. पण जुळलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या गाद्यांवर ताण वाढतो. पुढून जुळणी झालेल्या रुग्णांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दर वर्षी सुमारे तीन टक्के जणांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास झालेला आढळला. पल्लेदाराने हातगाडी घ्यावी, घमेल्याऐवजी एकचाकी ढकलगाडी, डोक्यावरच्या भाऱ्याऐवजी बैलगाडी किंवा सायकल. ही साधने स्वस्त नसतात. पण दुसऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा ती नक्कीच स्वस्त आहेत.

खर्च आणि हक्क यांची माहिती शस्त्रक्रियेच्या आधीच घ्यावी. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण नंतरच्या घरबसल्या महिन्यांची बुडालेली मजुरी ती भरून देत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. काही दीर्घ आजारांसाठी, ज्यांत मणक्यांमधली गादी सरकणे येते, पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्यास ८० टक्के दराने आणखी मोठ्या काळासाठी लाभ आहे. सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आले, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार त्याला कामावरून काढता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. सरकारी कंपन्याही यात येतात, म्हणजे भेलचा कायम कामगार या छत्राखाली आहे. मंडीतला पल्लेदार किंवा नाक्यावर उभी राहणारी मजूर बाई नाही. ज्यांच्या मानेवर सर्वांत जास्त भार येतो त्यांनाच सावरायला सर्वांत कमी दिवस मिळतात, आणि म्हणूनच ते लवकर परततात.

ज्यांना जुने काम कायमचे सोडावे लागते त्यांच्यासाठी भोपाळच्या पिपलानी भागात केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेच्या अखत्यारीतल्या या केंद्राचे काम पुनर्वसन आणि कौशल्य प्रशिक्षण हे आहे. तिथे जाताना शस्त्रक्रियेचा कागद, ताजे एक्स-रे, कामाचे वर्णन आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास तेही सोबत ठेवावे. कामावर परतल्यानंतरही तपासणी चुकवू नये. साधारण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष असे टप्पे बहुतेक रुग्णालये ठरवून देतात. हातातून पुन्हा वस्तू निसटू लागल्या किंवा चाल बदलली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावे.