धूर, अग्नी आणि सीसॅटचा उतारा

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, २०१५ पासून फक्त पात्रतेपुरता आहे. २०० पैकी ६६ गुण मिळाले की झाले. त्यामुळे ‘उतारे काय, नीट वाचले की सुटतात’ असा समज रुजला आहे. पण उत्तर चुकले तर प्रश्नाच्या गुणांतला एक तृतीयांश भाग कापला जातो, आणि निष्कर्षाच्या प्रश्नांत चूक होते ती बरेचदा वाचनात नव्हे, तर्कात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे जर-तरचे विधान उलटही वाचता येते, हा. आपल्या न्यायशास्त्रातले उदाहरण घ्या. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा नियम पक्का. मग अग्नी आहे म्हणजे धूर असणारच? नैयायिकांनी इथे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे केला: अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओले सरपण लागते, ही अट उलट्या विधानात गाळली गेली. ‘धूर नाही, म्हणून अग्नी नाही’ हेही याच गोळ्यापाशी कोसळते. खात्रीने निघते ते एवढेच: अग्नी नाही, तर धूरही नाही.

हेच उदाहरण आणखी एक गोंधळ मिटवते. ‘जर’नंतर येते ते कारण आणि ‘तर’नंतर येतो तो परिणाम, असे अनेकांना वाटते. इथे तर्क धुराकडून अग्नीकडे जातो, पण कारण अग्नी आहे आणि परिणाम धूर. कशावरून काय कळते आणि कशामुळे काय घडते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

‘तरच’ या शब्दावरही मुले अडखळतात. मतदार यादीत नाव असेल तरच मतदान करता येते. म्हणजे ज्याने रीतसर मतदान केले, त्याचे नाव यादीत आहे. ज्याचे नाव यादीत आहे त्याने मतदान केलेच, असे नव्हे.

आता उताऱ्यात असे आले समजा: तालुक्यात विंधन विहिरी वाढल्या आणि त्याच काळात भूजलाची पातळी खालावली. ‘विहिरींमुळे पाणी आटले’ हा पर्याय लगेच पटतो, कारण आपण ते पाहिलेले असते. पण उताऱ्याने फक्त दोन गोष्टी एका काळात घडल्याचे सांगितले. कदाचित पाणी खोल गेले म्हणून विहिरी खोदल्या असतील, कदाचित अवर्षणामुळे दोन्ही घडले असेल. पर्याय प्रत्यक्षात खरा असू शकतो, तरी तो या उताऱ्याचा निष्कर्ष नव्हे. उताऱ्यात नसलेली माहिती परीक्षेत ग्राह्य धरत नाहीत.

‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’ असे शब्द दिसले की पर्याय खोडा, हा सल्ला तर मला घातकच वाटतो. उताऱ्यानेच ‘एकही अपवाद नाही’ म्हटले असेल, तर ठाम पर्यायच बरोबर असतो. शब्द किती कडक आहे यापेक्षा उताऱ्यात त्याला किती आधार आहे, ते पाहावे.

पर्याय निवडण्याआधी तो खोटा आहे असे धरा आणि उतारा तरीही खरा राहतो का ते तपासा. राहत असेल, तर तो पर्याय सोडा.