नवागताच्या नजरेतून जोतिबाचा डोंगर

कोल्हापूरहून वायव्येस सुमारे १८ किलोमीटर अंतर कापले की गाडी घाट चढू लागते आणि कडेचे दगड हळूहळू गुलाबी दिसू लागतात. कोणी रंगकाम काढले असावे, असे प्रथम आम्हांस वाटले. वर पोहोचल्यावर उलगडा झाला. पायऱ्या, दीपमाळा, दुकानांच्या फळ्या, इतकेच काय, दारात पहुडलेल्या कुत्र्याची पाठही गुलालाने माखलेली होती. पादत्राणे काढून चार पावले चालले की नवखा माणूसही त्याच रंगाचा होतो.

गावाचे खरे नाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. वस्ती मुख्यत्वे गुरव समाजाची. देवाची पूजाअर्चा त्यांच्याकडे आहे. जोतिबाला केदारनाथ असेही म्हणतात. रत्नासुर व इतर दैत्यांच्या त्रासातून दक्षिणेला सोडविण्यासाठी तो उत्तरेतून, हिमालयातील केदारनाथाहून येथे आला, अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्याच्या नावाने हा डोंगर ओळखला जातो, तो देवही परंपरेनुसार बाहेरूनच आलेला!

काळ्या पाषाणाची तीन देवळे शेजारी शेजारी उभी आहेत. मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये, रामलिंगाचे मालजी निळम पन्हाळकर यांनी सुमारे १७८० मध्ये, तर केदारेश्वराचे दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये बांधले, अशी नोंद कोल्हापूरच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. शिंदे मूळचे साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. पुढे ते उज्जैन व ग्वाल्हेर येथे राज्यकर्ते झाले, तरी ह्या डोंगराला विसरले नाहीत.

परंतु डोंगराचे अनेकरंगी रूप समजून घ्यायचे तर चैत्र पौर्णिमेची यात्राच पाहावी. सातारा, सांगली, कोल्हापूर, मराठवाडा आणि सीमेपलीकडील बेळगाव येथून लाखो माणसे येतात. बेळगावकडील भाविकांची बैलगाड्यांसह येण्याची जुनी प्रथा आहे. गावोगावचे लोक आपापली सासनकाठी आणतात. सासनकाठी म्हणजे रंगीत वस्त्रांनी सजविलेला, दोन-तीन मजली घराइतका उंच वेळू. एकजण ती पेलतो आणि बाकीचे चहूबाजूंनी दोऱ्या ताणून तिचा तोल राखतात. हलगीच्या ठेक्यावर ती नाचू लागली म्हणजे पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. वरून गुलाल आणि खोबरे उधळले जाते, दवण्याचा वास दरवळतो आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ ह्या गजराने डोंगर दुमदुमतो. सायंकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे जाते.

बाहेरून हा नुसता कल्लोळ वाटतो. आत मात्र काटेकोर क्रम आहे. पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळीच्या काठीचा, दुसरा पाटण तालुक्यातील विहे गावचा. मानपान म्हटला की रुसवेफुगवे आलेच. तरीही प्रत्येक गाव आपल्या नावाने, आपल्या काठीसह उभे राहते, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली.

आम्ही ख्रिस्ती, ह्या पूजाविधीत आमचा सहभाग नव्हता आणि आपले येणे कोणास खटकेल काय, ही धाकधूक मनात होती. नारळवाल्या आजोबांनी विचारले, “पाव्हणं, कुठल्या गावचं?” आम्ही वसई सांगितले. “लई लांब की! बसा, पाणी घ्या.” धर्म कोणी विचारला नाही, गाव मात्र सर्वांनी विचारले.

डोंगरावरून आग्नेयेस कोल्हापूर शहर दिसते. त्याच्या पूर्वेस वळिवडे आहे. ह्या परिसराने परक्यांना कसे सामावून घेतले, ह्याची अर्वाचीन साक्ष तेथे मिळते. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतांशी स्त्रिया व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ ह्या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांतील बहुतेक कॅथोलिक. त्यांना स्वतःचे चर्च, स्वभाषेच्या शाळा आणि दवाखाना होता. त्यांनी मराठी व्हावे, अशी अट कोणी घातली नाही. छावणीतील काहीजण कोल्हापूरच्याच दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहेत. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, तर वॉर्सामध्ये २०१७ मध्ये कोल्हापूरच्या नावाने स्मारक उभारण्यात आले.

पोलिश लोक गेल्यावर फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव त्याच बराकींत आले. तेच आजचे गांधीनगर. लग्नसराईत पंचक्रोशीतील माणसे कापडखरेदीला तेथे झुंबड करतात. आपण कोणाच्या जुन्या छावणीत उभे आहोत, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते.

वाचकांपैकी कोणास जोतिबाला जावयाचे असल्यास, रविवार हा देवाचा वार असल्याने त्या दिवशी गर्दी असते. माघातल्या रविवारी तर कोल्हापूरकर अनवाणी डोंगर चढून ‘खेटे’ घालतात. देवळांचे कोरीवकाम निवांतपणे पाहावयाचे असेल तर मधला एखादा वार बरा, आणि पांढरे कपडे घरीच ठेवावेत.