गोळी चालू आहे, तरी हात धुणं का थांबत नाही?

नळाला पाणी तासभर, आणि घरातली एक बाई त्यातला निम्मा हंडा नुसते हात धुण्यात घालवते. हाताची सालं निघाली तरी तिला वाटतं, अजून घाण आहे. घरचे चिडतात, शेजारीण टोमणा मारते, "सोवळं सुरू केलंय का?" कुणी कडी लागली का बघायला गल्लीच्या तोंडावरून चारदा परत येतो. कुणाच्या मनात नको ते विचार येतात आणि सांगायची लाज वाटते. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. नावात मंत्र आहे म्हणून मांत्रिकाकडे धाव घेऊ नका. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन ही नेहमीची नावं. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचं व्यसन लागत नाही. पण उदासीच्या आजारापेक्षा ओसीडीत गुण उशिरा येतो. 8 ते 12 आठवडे लागतात, आणि डोसही बहुतेकदा जास्त लागतो. 20 मिलिग्रॅमने सुरू केलेलं फ्लुऑक्सेटिन डॉक्टर 40 किंवा 60 पर्यंत नेतात. डोस वाढला म्हणजे माणूस हाताबाहेर गेला, असं नाही. आपल्याकडे होतं काय, तिसऱ्या आठवड्यात घरचे म्हणतात, "काही फरक नाही, उगाच पैसे जातात," आणि गोळी बंद. मग वर्षभराने सांगतात, औषध करून बघितलं!

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपेची कुरबुर होते. ती पुष्कळदा ओसरते. शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, हे मात्र कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगा, उपाय असतो. तरुण मुलामुलींत पहिल्या काही आठवड्यांत फार बेचैनी किंवा जीव देण्याची भाषा दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मर्यादा. साधारण निम्म्या रुग्णांना चांगला गुण येतो, आणि चांगला गुण म्हणजेही पूर्ण बरं होणं नव्हे. चार तास धुणारी बाई दोन-अडीच तासांवर येते. तेही मोठं आहे. तेवढ्यात तिचा स्वयंपाक होतो, पोरांकडे लक्ष जातं. गोळी सोडली की त्रास पुष्कळांना परत होतो, म्हणून बरं वाटल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. क्लोमिप्रामिन हे जुनं औषध गुणकारी आहे, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, हृदयावरही लक्ष ठेवावं लागतं.

उरलेलं काम सरावाचं. भीती वाटते त्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचं नाही. घालमेल होते, मग आपोआप उतरते. गोळीने भीतीची धार कमी झाली की हा सराव जमतो. तो शिकवणारे मानसतज्ज्ञ सरकारी दवाखान्यात फार थोडे, आणि ओपीडीत वाट्याला येतात दोन मिनिटं. हा दोष औषधाचा नाही. तरी विचारा, मागा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा आपला हक्क आहे. 14416 या टेलिमानसच्या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.

घरच्यांनी नळ बंद करून हिसकाहिसकी करू नये. "स्वच्छ झाले ना हात?" याला दहा वेळा "हो" म्हणत बसू नये. आणि मेडिकलमधून मनाने अल्प्राझोलाम आणू नये. रात्र शांत जाते, ओसीडी तिथंच राहतो, वर सवय लागते. पुढच्या तारखेला जाताना रोज किती वेळ धुण्यात जातो ते वहीत लिहून न्या. त्या दोन मिनिटांत डॉक्टरांना डोस ठरवायला तेच उपयोगी पडतं.